चोपन्न मिलिमीटरचा माणूस

शिशाचे शिपाई जमवणाऱ्या कुणालाही अर्ध्या रात्री उठवून ‘उंची किती?’ असं विचारलं, तर तो ‘चोपन्न’ एवढंच सांगून कूस बदलेल. ५४ मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांहून जरासं जास्त. सव्वाशे वर्षं हा सगळा छंद या एका आकड्याभोवती फिरतो आहे. आकडा इतका सोवळा मानला जातो, की त्यामागे एखादा लष्करी नियम किंवा शिल्पशास्त्रातला सिद्धांत असावा असं वाटतं. तसं काही नाही. तो आला आहे खेळण्यातल्या आगगाडीवरून.

१८९३ साली लंडनच्या ब्रिटन घराण्यातल्या धाकट्या विल्यमने शिपाई ओतण्याची नवी रीत बसवली. तोवर इंग्लंडच्या दुकानांतले चांगले शिपाई जर्मनीतून यायचे. ड्रेस्डेनच्या गेओर्ग हायडेचे शिपाई दिसायला झकास होते, पण आकार अनेक, आणि शिसं पुष्कळ लागत असल्यामुळे महाग. विल्यमने शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा रस साच्यात ओतला, साच्याच्या गार भिंतीला लागून त्याची पातळ साय धरते न धरते तोच साचा उलटा करून आतला उरलेला रस परत भांड्यात ओतून घेतला. हाती राहिला तो पोकळ शिपाई: हलका, स्वस्त आणि बाहेरून भरीव शिपायाइतकाच रेखीव. लाल खोक्यात आठ पायदळाचे शिपाई किंवा पाच घोडेस्वार, किंमत एक शिलिंग. जर्मन कारखान्यांना या भावात माल देणं जड जाऊ लागलं.

पण शिपायांची उंची किती ठेवायची? त्या काळच्या सधन घरांत ‘नंबर एक’ गेजची खेळण्यातली रेल्वे असायची. तिच्या दोन रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर. खऱ्या इंग्रजी रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर. भागाकार केला की साधारण ३२ येतात. आता ५४ ला ३२ ने गुणा: १७२८ मिलिमीटर, म्हणजे पाच फूट आठ इंचांचा माणूस. मुलाच्या खोलीत आगगाडी आधीच होती. तिच्या फलाटावर उभा राहिला तर शोभेल असा शिपाई ब्रिटन्सनी काढला. एका व्यापाऱ्याने दुसऱ्याच्या खपलेल्या मालाला जुळेल असा माल आणला आणि त्यातून एका छंदाचं प्रमाणमाप ठरलं.

इथे एक घोळ आधी निस्तरायला हवा, कारण नवा संग्राहक हमखास त्यात अडकतो. ‘५४ मिलिमीटर’ ही उंची आहे आणि ‘१:३२’ हे प्रमाण आहे. उंची सांगितली की प्रमाण कळलं, असं होत नाही. कारण माणसं एका उंचीची नसतात, आणि उंची नेमकी कुठून कुठपर्यंत मोजली हेही कुणी सांगत नाही. शिपायाच्या डोक्यावर टोप असतो, अस्वलाच्या कातड्याची टोपी असते, फेटा असतो. टाळू दिसत नाही म्हणून पुष्कळ जण तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजतात. आता ५४ मिलिमीटर डोळ्यांपर्यंत असतील, तर टाळूपर्यंत साडेसत्तावन्न भरतात आणि प्रमाण १:३२ चं १:३० होतं. दोन्ही खोक्यांवर आकडा तोच. फळीवर शेजारी ठेवले की एक थोरला भाऊ, एक धाकटा. लहान आकारात तर हा फरक फारच बोचतो. २८ मिलिमीटरचा शिपाई टाळूपर्यंत मोजला तर साधारण १:६१, डोळ्यांपर्यंत मोजला तर १:५७.

शिवाय ‘प्रमाण’ म्हटलं की काहीतरी शास्त्रशुद्ध ठरलेलं असेल, हा समज सोडून दिलेला बरा. १:७२ आलं ते सहा फुटांना एक इंच या सोप्या हिशोबातून; सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. १:७६ आलं ते फुटाला चार मिलिमीटर धरणाऱ्या इंग्रजी रेल्वे-मॉडेलांवरून. १:८७ हे फुटाला साडेतीन मिलिमीटर धरणारं, एचओ नावाचं रेल्वेचंच आणखी एक प्रमाण. सगळ्यात मजेशीर जन्म १:३५ चा. आज रणगाड्यांच्या प्लास्टिक मॉडेलांमध्ये याच प्रमाणाचं राज्य आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. त्याच्या पोटात बॅटऱ्या आणि मोटर मावली पाहिजे, एवढ्याच गरजेपोटी त्याचा आकार ठरला. मॉडेल धो धो खपलं. पुढचे रणगाडे याच मापाचे काढायचे ठरल्यावर मोजून पाहिलं, तर ते निघालं साधारण १:३५. म्हणजे आज जगभर रणगाड्यांशेजारी उभे असलेले लाखो चिमुकले सैनिक ज्या मापाचे आहेत, ते माप बॅटरीच्या सेलने ठरवलेलं आहे. त्याच काळात कित्येक कंपन्या याहून सरळ वागत: खोकं एका आकाराचं, त्यात जे मावेल ते त्याचं प्रमाण. एकाच कंपनीचं लढाऊ विमान आणि प्रवासी जहाज सारख्याच लांबीचं असायचं ते त्यामुळे.

शिपाई फळीवर उभा आहे तोवर एकच प्रमाण सांभाळून भागतं. त्याला जमिनीवर उतरवला की खरी पंचाईत सुरू होते.

कॅप्टन विल्यम सायबोर्नची गोष्ट या संदर्भात सांगितलीच पाहिजे. १८३० साली ब्रिटिश सैन्याने त्याला वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करायला सांगितलं. गडी कमालीचा चिकट. रणभूमीवरच्या ला हाय सांत नावाच्या शेतघरात आठ महिने राहून त्याने जमिनीचा उंचसखलपणा मोजला. लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं धाडली: संध्याकाळी सातच्या सुमाराला तुमची तुकडी नेमकी कुठे होती, तिची रचना कशी होती, समोर शत्रू कोण होता, आणि शेतात त्या वेळी पीक कुठलं उभं होतं? पीकसुद्धा! शेकडो उत्तरं आली. त्यांच्या आधारे १८३८ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये त्याने खोलीभर पसरलेलं रणांगण मांडलं. त्यावर सत्तर हजारांहून अधिक चिमुकले शिपाई होते. ते आजही लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

आता या प्रतिकृतीचा हिशोब करून पाहू. जमिनीचं प्रमाण मैलाला नऊ फूट. मैलात ५२८० फूट, म्हणजे साधारण १:५८७. या मापाने माणूस जेमतेम तीन मिलिमीटरचा व्हायला हवा. सायबोर्नचे शिपाई आहेत दहा मिलिमीटरचे, म्हणजे माणसांचं प्रमाण १:१७० च्या आसपास. तेव्हा वॉटर्लूच्या त्या मैदानावर उभा असलेला प्रत्येक सैनिक भोवतालच्या जमिनीच्या मानाने तिपटीहून मोठा आहे. खरोखरीच्या जगात त्याची उंची एकोणीस फूट भरली असती. पिकाची चौकशी करणाऱ्या माणसाने ही तडजोड डोळे उघडे ठेवून केली. तीन मिलिमीटरच्या शिपायाचं काय करणार? त्याचा गणवेश रंगवता येत नाही, बंदूक दिसत नाही, दोन हात लांबून पाहणाऱ्याला तो शिपाई आहे की रंगाचा ठिपका हेही कळत नाही. माणसं मोठी केली तर ती जागाही जास्त अडवणार, म्हणून एका शिपायात दोन माणसं धरावी लागली. एक खोटं निभवायला दुसरं.

गंमत अशी, की प्रतिकृतीबद्दल वाद माजला तो या तिपटीवरून नव्हे. ब्रिटिशांच्या मदतीला आलेलं प्रशियन सैन्य त्या घटकेला किती पुढे पोचलं होतं, ते सायबोर्नने आपल्या माहितीप्रमाणे दाखवलं. विजयाचं श्रेय वाटलं जातंय हे ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या गोटाला रुचलं नाही, आणि शेवटी सायबोर्नला प्रशियनांचा मोठा भाग मैदानावरून काढून टाकावा लागला. एकोणीस फुटी सैनिक सगळ्यांना चालले. खऱ्या संख्येतले प्रशियन चालले नाहीत.

प्रमाणाच्या बाबतीत अजिबात तडजोड न करणारी परंपराही युरोपात होती. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळात, १६६८ पासून, सरहद्दीवरच्या तटबंदीच्या शहरांच्या प्रतिकृती करायला घेतल्या. त्यांचं नेहमीचं प्रमाण १:६००. घर न् घर, बुरूज न् बुरूज मापात. पॅरिसच्या अँव्हालिदमध्ये त्या पाहायला मिळतात. तोफेचा गोळा कुठून कुठे पोचेल याचा हिशोब त्यांच्यावर करता यायचा, कारण शहर, तट आणि अंतर या सगळ्यांना एकच माप होतं. प्रशियाच्या फॉन राइसविट्झ याने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धखेळ प्रसिद्ध केला, तो १:८००० च्या नकाशावर खेळायचा. त्यात सैन्य म्हणजे रंगीत ठोकळे. पलटण जेवढी जागा अडवते, तेवढ्याच मापाचा ठोकळा. एकही शिपाई नाही, घोडा नाही, गणवेश नाही, आणि तरी सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाच खेळ खऱ्याच्या सगळ्यात जवळचा मानला. मला हा मुद्दा संग्राहकांच्या सगळ्या वादांपेक्षा मोलाचा वाटतो. वागणं खरं हवं की दिसणं खरं, हे आधी ठरवावं लागतं. दोन्ही एका टेबलावर मावत नाही.

मावत नाही म्हणजे किती मावत नाही? पंधरा-वीस पावलांच्या दिवाणखान्यात ५४ मिलिमीटरचे शिपाई मांडलेत असं समजा. वॉटर्लूच्या काळच्या साध्या बंदुकीची गोळी शंभर मीटरच्या पलीकडे भरवशाची नसे. १:३२ ने ते अंतर झालं तीन मीटरच्या वर, खोलीतच बसलं. पण तोफेचा हजार मीटरचा पल्ला होतो एकतीस मीटर. तोफ दिवाणखान्यात ठेवली तर शत्रू वाड्याबाहेर, रस्त्यापलीकडच्या पानवाल्याच्या दुकानात उभा करावा लागेल. एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे शिपायांच्या खेळाचं पुस्तक लिहिलं. त्याने या अडचणीवर विचारच केला नाही, आणि ते बरंच झालं. त्याच्याकडे ब्रिटन्सची स्प्रिंगवर चालणारी तोफ होती. ती इंचभर लांबीचा लाकडी तुकडा फेकायची आणि नऊ यार्डांवरचा शिपाई हमखास पाडायची. प्रमाण लावून पाहिलं तर तो ‘गोळा’ ऐंशी सेंटिमीटर लांबीचा भरतो आणि पल्ला अडीचशे मीटरच्या आसपास. खरी तोफ असं काही करत नाही. पण शिपाई पडल्यावर होणारा आनंद पूर्ण मापाचा होता.

आता डोळ्याकडे येऊ, कारण अस्सलपणाचा खरा निकाल तिथे लागतो.

हातात धरलेला शिपाई आपण साधारण तीस सेंटिमीटरवरून पाहतो. १:३२ च्या शिपायासाठी हे म्हणजे साडेनऊ मीटरवरून माणूस पाहिल्यासारखं. १:७२ च्या शिपायासाठी तेच अंतर होतं साडेएकवीस मीटर. क्रिकेटच्या खेळपट्टीच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस जवळजवळ एवढ्याच अंतरावर असतो. तिथून त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग तुम्हाला दिसतो का? निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातलं दोन ठिपक्यांमधलं अंतर ओळखता येतं. तीस सेंटिमीटरवर ते भरतं मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. उघडा डोळा उंचीला एक सेंटिमीटर धरला तर १:३२ ला तो ०.३ मिलिमीटरचा, १:७२ ला ०.१४ चा. म्हणजे मोठ्या शिपायाचे डोळे रंगवणं कसंबसं समर्थनीय आहे. छोट्या शिपायाला पांढरे बटबटीत डोळे रंगवले की तो भूत पाहिल्यासारखा दिसतो. जाणते रंगारी तिथे भुवईखाली एक गडद सावली टाकतात आणि थांबतात. डोळा दिसत नाही, नजर दिसते.

सावली रंगवायची, हेच मुळात नवख्याला पटत नाही. शिपाई त्रिमितीत आहे, त्याच्या अंगरख्याला खऱ्या चुण्या आहेत, मग खरी सावली पडेलच की! पडत नाही, कारण प्रकाशाला आपण लहान करू शकत नाही. मैदानावरच्या माणसावर ऊन पडतं ते आकाशात अर्ध्या अंशाएवढ्या दिसणाऱ्या सूर्याकडून, म्हणून सावल्यांना धार असते. घरातल्या शिपायावर उजेड पडतो चार फुटी ट्यूबलाइटचा. १:३२ च्या त्या माणसाच्या दृष्टीने डोक्यावर साठ-सत्तर मीटर उंचीवर अडतीस मीटर लांबीचा दिवा टांगला आहे. अशा दिव्याखाली चुणीतली सावली विरघळून जाते आणि अंगरखा सपाट दिसतो. म्हणून चुणीच्या खाचेत गडद रंग आणि कडेवर फिका रंग भरायचा. चकाकीचंही तेच. लकाकणाऱ्या रंगात समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब शिपायाच्या खांद्यावर उमटतं, आणि ते पाहताक्षणी मेंदूला कळतं की ही वस्तू बोटाएवढी आहे. कापड लकाकत नाही. चकाकी घालवली, की शिपाई आहे त्याहून मोठा वाटू लागतो. लांबच्या वस्तू हवेमुळे फिकट दिसतात, म्हणून लहान प्रतिकृतीचे रंग थोडा पांढरा मिसळून घ्यावेत, असंही सांगतात. ते कारण मला पटत नाही. वीस मीटरवर हवा रंग पुसत नाही, मुंबईची असली तरी.

न्यूरेंबर्गच्या कारागिरांना हे सगळं ब्रिटन्सच्या आधीच उमगलं होतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या योहान हिल्पर्टने कथलाचे चपटे शिपाई लोकप्रिय केले. पाटीच्या दगडात उलटं कोरीव काम करून त्यात कथील ओतायचं. शिपाई जाडीला मिलिमीटरभर. पुढे हाइनरिखसनच्या कारखान्याने त्यांची उंची तीस मिलिमीटरवर आणून ठेवली आणि तेच जर्मनीचं प्रमाणमाप झालं. हा शिपाई बाजूने पाहिला तर नाहीसाच होतो. पण समोरून, निष्णात हाताने रंगवलेला असला, तर पोकळ-भरीव कुठल्याही शिपायापेक्षा जिवंत दिसतो, कारण त्याच्यावरचा सगळा उजेड आणि सगळी सावली रंगाऱ्याच्या ताब्यात असते.

तिसरी अडचण जाडीची. ‘ब्राउन बेस’ या प्रसिद्ध बंदुकीची लांबी दीड मीटर आणि नळीचा बाहेरचा व्यास तोंडाशी साधारण दोन-सव्वादोन सेंटिमीटर. १:३२ ला नळी होते ०.७ मिलिमीटरची, १:७२ ला ०.३ मिलिमीटरची. तलवारीचं पातं, जाडी पाच मिलिमीटर धरली तर १:३२ ला ०.१६. शिशात असलं पातं ओतलं तरी पहिल्याच हाताळणीत वाकेल. गणवेशाचं कापड दोन मिलिमीटर जाड असेल, तर प्रतिकृतीत ते ०.०६ मिलिमीटरचं, रंगाचे दोन हात दिले की तेवढी जाडी नुसत्या रंगाचीच होते. म्हणून कारागीर बंदूक जाड करतो, तलवार रुंद करतो, आणि मग त्या जाड बंदुकीला शोभावा म्हणून पंजा मोठा करतो, पंज्याला शोभावं म्हणून डोकं.

२८ मिलिमीटरच्या युद्धखेळाच्या शिपायांत ही गोष्ट टोकाला गेली. माणसाचं शरीर साधारण साडेसात डोकी उंच असतं. या शिपायांचं पाच-सहा डोक्यांवर आटोपतं. छंदातले लोक या घडणीला ‘हिरोइक’ म्हणतात. पहिल्यांदा पाहिलं की हे शिपाई बुटके, मुठाळ, काहीसे विनोदी वाटतात. पण टेबलावर मीटरभर अंतरावर ठेवून पाहा: कोण सरदार, कोण निशाणधारी, कोण गोळी झाडतोय, सगळं ओळखू येतं. त्याच अंतरावर बिनचूक प्रमाणातला शिपाई काडीसारखा दिसतो. आता संगणकावर घडवलेली आकृती घरच्या त्रिमिती-मुद्रकावर काढता येते, आणि नवे लोक समजतात की आकार बदलायचा म्हणजे टक्केवारीचा आकडा बदलायचा. ७५ मिलिमीटरची उत्तम आकृती ३७ टक्क्यांवर आणली, की २८ ची होते. होते खरी, पण अर्ध्या मिलिमीटरचं पातं ०.१९ वर येऊन मोडतं, गुंड्या पुसल्या जातात आणि चेहरा गुळगुळीत होतो. लहान शिपाई म्हणजे मोठ्या शिपायाची छोटी नक्कल नव्हे. तो वेगळा घडवावा लागतो.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे सगळं नवीन वाटायचं कारण नाही. प्रमाण धाब्यावर बसवण्याचं शिक्षण आपल्याला दिवाळीत अंगणातच मिळालेलं असतं. मातीचा किल्ला, वर सिंहासनावर वीतभर उंचीचे महाराज, दरवाजाशी चार बोटांचे मावळे, ज्यांना त्या दरवाजातून आत जाता येत नाही, गुहेत मावळ्याहून थोराड वाघ, तळ्याच्या जागी आरसा, आणि पायथ्याशी कुठल्यातरी पुडक्यातून आलेले हिरवे प्लास्टिकचे रायफलधारी. पुण्याच्या कुंभारवाड्यात किल्ल्यावरची चित्रं घ्यायला गेलं की सगळ्या मापांचे मावळे एकाच टोपलीत असतात, आणि ‘हे १:३२ चे आहेत का हो?’ असं विचारणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं आहे. हिशोबच करायचा तर रायगड घ्या. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ८२० मीटर. ५४ मिलिमीटरच्या मावळ्याला शोभेल असा रायगड अंगणात करायचा, तर तो साडेपंचवीस मीटर, म्हणजे आठ मजली इमारतीएवढा होईल. उलट किल्ला मीटरभर उंचीचा ठेवला, तर मावळा दोन मिलिमीटरचा: किल्ल्यावर हिरवळीसाठी जी मोहरी पेरतात तिच्या दाण्याएवढा. आणि त्या मोहरीचं पाच सेंटिमीटरचं रोप होईल चाळीस मीटर उंचीचा वृक्ष.

पण तिथे महाराज मोठे असतात ते चुकून नव्हे. मान मोठा, त्याची आकृती मोठी, ही आपल्याकडची जुनी रीत. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात भिक्षापात्र घेऊन आलेला बुद्ध आणि समोर यशोधरा-राहुल असं चित्र आहे. बुद्ध एवढा उंच की मायलेक त्याच्यापुढे गुडघ्याएवढी वाटतात. चित्रकाराला शरीरांचं माप ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? इजिप्तमध्ये फारोच्या आकृतीचं असंच. आणि त्याच इजिप्तमध्ये उलटं उदाहरणही सापडतं. असयूतच्या मेसेहती नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात, चार हजार वर्षांपूर्वीचे, लाकडात कोरलेले चाळीस इजिप्शियन भालाईत आणि चाळीस न्युबियन तिरंदाज मिळाले. चाळीसही जण एका उंचीचे नाहीत. कुणी उंच, कुणी ठेंगणा, खऱ्या तुकडीत असतात तसे. एकाच साच्यातून ओतलेल्या ब्रिटन्सच्या आठ जुळ्या शिपायांपेक्षा ती तुकडी मला अधिक अस्सल वाटते.

ब्रिटन्सचा अस्सलपणा वेगळ्या जागी होता. गुंडी, पट्टा, टोपीवरचा तुरा, पलटणीच्या कॉलरचा रंग, यांत त्यांची चूक काढणं कठीण. हिंदुस्थानी पलटणीही त्यांच्या यादीत होत्या: बंगालचे भालाईत घोडेस्वार, मद्रास आणि मुंबई इलाख्यांचं पायदळ. चेहरा मात्र कुणाचाच नाही. एक धड, त्यावर डोकं बदलायचं, रंग बदलायचा, की नवी पलटण तयार. गाल गुलाबी किंवा तपकिरी, वर चकचकीत रोगण. शिपाई माणसाची प्रतिकृती नव्हती, गणवेशाची होती. या चकाकीवर जीव टाकणारे संग्राहक आजही आहेत, आणि त्यांच्या समोर मॅट रंगाचे, घामाघूम, चिखलाने माखलेले, एकेकाचा चेहरा वेगळा असलेले शिपाई जमवणारे. पहिले दुसऱ्यांना रुक्ष म्हणतात, दुसरे पहिल्यांना पोरकट. माझं मत विचाराल तर चकचकीत शिपाई जास्त प्रामाणिक आहे. तो खेळणं आहे आणि खेळणंच दिसतो.

मधल्या काळात मापही फुगत गेलं. हाँगकाँगच्या किंग अँड कंट्रीसारख्या कंपन्यांनी १:३० धरलं, ब्रिटन्सच्या नावाने आज येणारे मॅट शिपाईही त्याच मापाचे. २५ चे २८ झाले, २८ चे ३२ कडे निघाले. मोठ्या शिपायावर रंगकाम खुलतं आणि दुकानाच्या काचेत तो उठून दिसतो, हे त्यामागचं साधं कारण. परिणाम असा, की आजोबांच्या काळातला शिपाई आणि नातवाने घेतलेला शिपाई एका रांगेत उभे केले तर आजोबांचा बारकुडा दिसतो. त्यावर एक जुना उपाय आहे. लढाईचा देखावा मांडताना मोठे शिपाई पुढे आणि लहान मागे ठेवायचे. लहान ते लांबचे वाटतात. संग्रहालयांतले देखावे करणारे हे मुद्दाम करतात, एक-दोन हातांच्या पेटीत मैलभर मैदान दाखवायला.

सुरुवात करायची इच्छा असेल तर एक फळी, एक प्रमाण, एवढं पथ्य पाळा. विकत घेण्याआधी विक्रेत्याला तळपाय ते डोळे अशी उंची मिलिमीटरमध्ये मोजून मागा. खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. बैठकीची जाडी उंचीत धरली आहे का, तेही विचारा. जुना शिपाई हाती आला तर आधी उलटा करून पाहा. नकलाकारांच्या त्रासाला कंटाळून ब्रिटन्सनी पुढे तळाशी नाव आणि स्वामित्वाचा मजकूर उमटवायला सुरुवात केली होती. रंग उडालेला असला तरी त्याला नव्याने रंगवू नका. अस्सल दिसावा म्हणून मॅट रंग चढवलेला जुना ब्रिटन्स संग्राहकाच्या लेखी जवळजवळ कवडीमोल ठरतो.

आणि शिसं ते शिसंच. ब्रिटन्सनी १९६६ मध्ये शिशाचे शिपाई काढणं बंद केलं. जुने शिपाई लहान मुलांच्या हाती देऊ नका, हाताळल्यावर साबणाने हात धुवा. ओकच्या किंवा नव्या प्लायवुडच्या बंद कपाटातही त्यांना ठेवू नका. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि शिपाई हळूहळू आतून पोखरला जातो. काचेचे दरवाजे असलेलं, हवा खेळती राहील असं लोखंडी कपाट सगळ्यात बरं.